इष्टांक आधी, माणूस नंतर

तहसील कार्यालयात पुरवठा शाखा नावाची एक खोली असते. 'रेशनकार्ड आहे, पण त्यावर धान्य मिळत नाही' अशी तक्रार घेऊन कुणी तिथं गेलं, की एक उत्तर हमखास मिळतं : "इष्टांक शिल्लक नाही."

शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. खेड्यात अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही त्याचा अर्थ कळतो. इष्टांक म्हणजे वरून ठरवून आलेला आकडा. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसांचा इष्टांक आला. ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के माणसं. हे टक्के २०११ च्या लोकसंख्येवर लावले गेले. त्यातून जिल्ह्याचा आकडा निघाला, जिल्ह्यातून तालुक्याचा.

आता समजा, एक बाई त्या खोलीत आलीय. नवरा वारलाय, दोन लेकरं पदरात आहेत, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. ती गरीब आहे की नाही, हे समोरच्या कारकुनाला ठरवायचंच नसतं. त्याला फक्त आकड्यात जागा आहे का ते बघायचं असतं. जागा केव्हा होते? यादीतलं कुणी मेलं, कुणी लग्न होऊन दुसरीकडे गेलं किंवा कुणाचं नाव कापलं गेलं, की मग. तोवर बाईनं खेपा घालायच्या. एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, शिवाय गाडीभाडं जातं.

आपली साधारण समजूत अशी असते, की सरकार आधी लोकांची गरज मोजतं, मग त्याप्रमाणे सोय करतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तसंच दिलेलं असतं. प्रत्यक्षात उलटं चालतं. आधी आकडा ठरतो, मग त्या आकड्यात बसतील एवढी माणसं शोधली जातात. उरलेल्यांची गरज 'नाही' असं कुणी म्हणत नाही. ती कुठं लिहिलीच जात नाही, इतकंच. गेली वीस-पंचवीस वर्षं ग्रामीण भागात गरजेचं मोजमाप म्हणून जे काही झालं, त्यातलं बरंचसं माणसं वजा करण्याचं काम होतं, असं माझं म्हणणं आहे. आणि हे मोजमाप सुधारायचं असेल तर सर्व्हे वाढवून काही होणार नाही. आपण ज्यांना परत पाठवतो, त्यांची नोंद ठेवायला लागली पाहिजे.

बावन्न गुणांची गरिबी

२००२ साली देशभर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांचा सर्व्हे झाला. गावात 'बीपीएल यादी' म्हटलं की वडीलधाऱ्यांना अजून तीच आठवते. त्यात १३ प्रश्न होते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण गुण ५२. जितके गुण कमी, तितकं घर गरीब. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, दिवसातून किती वेळा पोटभर जेवता, संडास आहे का, घरात शिकलेलं कोण आहे, असे ते प्रश्न.

त्यातले दोन नीट बघण्यासारखे आहेत. एक होता स्थलांतराचा. मिळेल त्या कामासाठी बाहेर जाणाऱ्याला ० गुण, हंगामी कामासाठी जाणाऱ्याला १ आणि स्थलांतर न करणाऱ्याला ३. म्हणजे ज्या विधवा म्हातारीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून ती कुठं जात नाही, ती या प्रश्नापुरती ऊसतोड कामगारापेक्षा सुखवस्तू ठरली.

दुसरा प्रश्न होता, 'तुम्हाला कसली मदत हवी?' हा तर खरा गरज विचारणारा प्रश्न. पण त्यालाही गुण होते! मजुरीचं काम किंवा स्वस्त धान्य हवं म्हणालात तर ०, स्वयंरोजगार म्हणालात तर १, प्रशिक्षण म्हणालात तर २, घर हवं म्हणालात तर ३. छप्पर गळणाऱ्या माणसानं खरं बोलून 'घर हवं' म्हटलं, तर तो यादीतून बाहेर जाण्याच्या दिशेनं तीन पावलं सरकला. गरज सांगितल्याची शिक्षा देणारी गरज-पाहणी याहून वेगळी काय असते?

या सगळ्यावर एक झाकणही होतं. कुठल्या राज्यात किती बीपीएल घरं निघाली पाहिजेत, याची कमाल मर्यादा नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजाला बांधलेली होती. त्यामुळे ५२ पैकी किती गुणांवर रेघ मारायची, हे गरिबी पाहून ठरलं नाही. आकडा जुळेल तिथं रेघ मारली गेली.

पुढे २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणना झाली. गुण गेले आणि निकष आले. ज्या गोष्टी घरात असल्या की ते घर आपोआप बाद, अशी एक यादी झाली. त्यात मोटारसायकल होती. घरकुल योजनेतून ही अट निघायला २०२४ साल उजाडलं. ज्या वस्तीवर एसटी येत नाही, तिथं मोटारसायकल ही चैन नसते. अडलेली बाळंतीण, साप चावलेला पोरगा, ताप मस्तकात गेलेला म्हातारा, सगळ्यांना दोघांच्या मध्ये बसवून तिच्यावरूनच नेतात. दवाखाना लांब आहे म्हणून कर्ज काढून गाडी घेतली, आणि गाडी आहे म्हणून घर नाकारलं गेलं.

एकवीस हजारांचा दाखला

संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी ही राज्याची जुनी आणि महत्त्वाची योजना. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे.

मोबाइलवरच्या कॅलक्युलेटरवर हिशेब करून बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. ६८ दिवस काम केलं की होतात २१,२१६ रुपये. म्हणजे घरातल्या एका माणसाला वर्षात सव्वादोन महिने, तेही सरकारनंच ठरवलेल्या दरानं काम मिळालं, की सरकारच्याच हिशेबानं ते घर निराधार राहत नाही. उरलेल्या पावणेदहा महिन्यांत त्या घरानं काय खायचं, हा प्रश्न अर्जात नाही.

मग लोक काय करतात? 'एकवीस हजारांचा दाखला' काढतात. तो खोटा आहे हे बाईला माहीत असतं, अहवाल देणाऱ्या तलाठ्याला माहीत असतं, सही करणाऱ्यालाही माहीत असतं. लोक लबाड आहेत, असा निष्कर्ष यावरून काढणं फार सोपं आहे. खरी गोष्ट अशी, की मोजपट्टीच अशी आखलीय, की खरं बोलणाऱ्याला काही मिळूच नये. ज्यांना दाखला 'काढता' येतो, ज्यांची ओळख आहे, एजंटाला द्यायला चार पैसे आहेत, ते आत येतात. ज्यांना यातलं काही जमत नाही ते बाहेर राहतात. बहुतेक वेळा गरज याच दुसऱ्या लोकांची मोठी असते.

याचा एक छुपा फायदाही कुणाला तरी होतो. सगळ्यांचेच दाखले कागदावर कच्चे असतील, तर कुणाचाही दाखला कधीही खोटा ठरवता येतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधात गेलात? तुमच्या दाखल्याची चौकशी लावता येते. हक्काची पेन्शन मग मेहेरबानीची होते.

आता याच्या शेजारी २०२४ सालची लाडकी बहीण योजना ठेवा. तीही महिन्याला १,५०० रुपयांची, निराधार योजनेत तेव्हा मिळत होते तेवढ्याच रकमेची. तिथं उत्पन्नाची मर्यादा किती? अडीच लाख. बायकांच्या हातात पैसे गेले याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाच सरकारच्या एकाच रकमेच्या दोन योजना, एकीला २१ हजारांची मर्यादा आणि दुसरीला अडीच लाखांची. याचा अर्थ मर्यादा गरज पाहून ठरत नाहीत. कुणाला किती जणांची यादी हवी आहे, त्यावरून ठरतात. विधानसभा निवडणुकीच्या वर्षात लांब यादी हवी असते, एरवी आखूड.

घरी नसलेल्यांचं गाव

मोजणारा येतो तेव्हा घरात कोण असतं, हा पुढचा प्रश्न.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कारखान्याच्या परिसरात, फडाजवळ कोपी घालून राहतात आणि उन्हाळा लागला की परततात. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं.

आता गावाची गरज ठरवण्याचं वेळापत्रक बघा. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येऊ लागला, तेव्हा महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला. गावानंच आपल्या गरजा ठरवायच्या आणि आराखडा करायचा. कल्पना उत्तम. पण या आराखड्यांसाठी २०१८ साली देशभर जी लोकयोजना मोहीम ठरली, तिची मुदत होती २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. पुढेही ही मोहीम ऑक्टोबरपासूनच सुरू होत आली. म्हणजे गावातली सर्वांत कष्टकरी माणसं बोचकी बांधून ट्रॅक्टरमध्ये बसतात, नेमक्या त्याच दिवसांत गाव आपल्या गरजा ठरवायला बसतं. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी २६ जानेवारीलाही हे लोक गावात नसतात. पण गणपूर्तीला त्यामुळे काही अडत नाही. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं आली की झालं. सभा कायदेशीर होते, ठराव कायदेशीर होतात. आराखड्यात सभामंडप येतो, पेव्हर ब्लॉक येतात, कमान येते. मागे राहिलेल्या पोरांच्या संध्याकाळच्या जेवणाचं काय, हा मुद्दा निघत नाही. तो काढणारी आई शंभर-दोनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते.

या बायकांची गरज एकदा मोजली गेली, २०१९ साली. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जाताहेत, अशा बातम्या आल्यावर. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली निघाली. साधारण दर सहा जणींमागे एक.

या प्रत्येकीच्या गावात आशा होती, उपकेंद्र होतं, नर्सच्या नोंदवह्या होत्या. त्या नोंदवह्यांचा भर गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण, नसबंदी यांवर. बाई मूल जन्माला घालते तेवढ्यापुरती ती वहीत. अंगावरून पांढरं जातं, पाळीत कळा येतात, फडात संडास नाही, न्हाणी नाही, एक दिवस काम चुकलं तर 'खाडा' लागतो आणि पैसे कापले जातात, या गोष्टींना त्या वहीत जागा नव्हती. तिची खरी गरज होती पाण्याची, आडोशाची, भरपगारी सुट्टीची आणि विश्वासाच्या डॉक्टरची. सरकारी वहीनं ती विचारली नाही. मग अनेकींना खासगी दवाखान्यात उत्तर मिळालं : पिशवी काढून टाका.

आता जनगणना येतेय. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. २०२१ ची झालीच नाही. म्हणजे २०११ नंतर जन्मलेलं, आज दहावीपर्यंत पोचलेलं पोर जनगणनेच्या हिशेबात अजून जन्मायचं आहे. आणि जनगणना माणसाला त्या दिवसांत तो जिथं असतो तिथं मोजते. फेब्रुवारीअखेर कोयता कुठं असतो? फडात. तिथं कुणी पोचलं तर तो मोजला जाईल, पण त्याच्या गावाच्या हिशेबातून तो तेवढा कमी होईल.

कुणी विचारलं, कुणाला विचारलं

बीडमधल्या बायकांचं दुखणं बातमी झाल्यावर कळलं. पण ग्रामीण बायकांच्या अशा दुखण्यांची मोजणी त्याच्या तीस वर्षं आधी याच राज्यात झाली होती. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धरून चाललं जात होतं. आजार तर होतेच. पण गावात राहून, बायकांचा विश्वास मिळवून, बाईनं बाईला विचारलं आणि तपासलं, तेव्हा ते दिसले.

त्याच लोकांनी पुढे आदिवासींना विचारलं, की तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, हे उत्तर त्यांनी मनावर घेतलं. म्हणून शोधग्राममधला दवाखाना आदिवासी गावासारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. दवाखाना 'हवा की नको' एवढाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर 'हवा' असंच आलं असतं, आणि बांधलेल्या इमारतीत माणूस फिरकला नसता.

याउलट आपण काय करतो? रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३ च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण विकासाच्या 'पर्यटना'ची चांगलीच हजेरी घेतली होती. पाहुणे डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, पावसाळा टाळून येतात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात, जिथं आधीच एखादा प्रकल्प आहे तिथंच जातात, आणि अवघड प्रश्न भिडेपोटी विचारत नाहीत. चाळीस वर्षं झाली, फक्त पाहुण्याच्या हातात आता टॅब आलाय.

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या किंवा एखाद्या संस्थेत इंटर्नशिप करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. तीन दिवस गावात, सरपंचांच्या घरी चहा, गूगल फॉर्म, शंभर घरं, आणि वर नाव 'नीड असेसमेंट'. कंपनीच्या सीएसआरचा पैसा शाळेच्या डिजिटल वर्गासाठी आधीच मंजूर असतो, आणि अहवालात गावाची पहिली गरज डिजिटल वर्गच निघते. दळायला काय टाकायचं ते आधीच ठरलेलं असेल, तर पीठ वेगळं कसं निघणार?

जे प्रश्न खरोखर विचारायला हवेत, ते साधे आहेत. गेल्या वर्षभरात घरातलं कुणी आजारी असूनही दवाखान्यात नेलं नाही, असं झालं का? कशामुळे? घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का? त्यांचं हगणं-मुतणं कोण काढतं? ते काढणारी व्यक्ती शेवटची माहेरी किंवा बाजाराला कधी गेली होती? वेड लागलेलं म्हणून कुणाला कोंडून ठेवलंय का? कुठल्या सरकारी कचेरीतून तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात, किती वेळा? या प्रश्नांना '४ गुण' देता येत नाहीत. म्हणूनच ते फॉर्ममध्ये नसतात.

मागेल त्याला

मग दुसरी काही पद्धत आहे का? आहे, आणि ती महाराष्ट्रानंच देशाला दिलीय. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरू झालेली रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. त्यातली सर्वांत मोठी अक्कल अशी, की गरजू कोण हे सरकारनं शोधायचंच नाही. उन्हात खडी फोडायला जो स्वतःहून तयार आहे, त्याची गरज आणखी काय तपासायची? 'मागेल त्याला काम.' मागणी हीच गरजेची नोंद. केंद्रानं २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता, ही तरतूद त्यात आली. नमुना ४ भरून काम मागायचं आणि तारखेची पोच घ्यायची.

आणि या योजनेला सुरुंग कुठं लागला? नेमका त्या पोचपावतीत. गावोगाव मजुरांचा अनुभव आहे, की अर्ज तोंडी घेतला जातो, 'काम निघालं की कळवतो' म्हणतात, पोच देत नाहीत. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे भत्ता नाही. वर कॉम्प्युटरमध्ये दिसतं, की या गावात कामाला मागणीच नाही. इतकी चांगली पद्धत एका कागदाच्या चिठोऱ्यावर अडकली, यावरूनच त्या चिठोऱ्याची ताकद कळते.

म्हणून माझी मागणी एकच आहे. रेशन, पेन्शन, दवाखाना, अंगणवाडी, दाखले, अशी माणसाला लागणारी सेवा देणाऱ्या प्रत्येक ग्रामीण कचेरीत 'नकाराची नोंदवही' हवी. कोण आलं, काय मागितलं, काय कारणानं परत पाठवलं. तीन रकाने. दर ग्रामसभेत ती वाचून दाखवायची, आणि ग्रामसभेआधी कायद्यानं घ्यायच्या असलेल्या महिला सभेत आधी वाचायची. ऊसतोडीच्या गावांत एक वाचन माणसं परतल्यावर, १ मेच्या ग्रामसभेत. वर्षाअखेर तालुक्याची बेरीज करा. इतकं खरं गरजेचं मोजमाप कुठलाही सल्लागार करून देणार नाही.

'पण पैसे कुठून आणायचे?'

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशांचा. साधनं मर्यादित आहेत, मर्यादा घालावीच लागते. कबूल. मर्यादा पैशावर घाला, मोजणीवर कशाला? शंभर जणांना गरज आहे आणि पैसा साठ जणांपुरता आहे, तर साठ जणांना द्या आणि चाळीस जणांची नावं फळ्यावर लावा. आज आपण साठाचीच यादी करतो आणि सांगतो, की तालुक्यातले सगळे गरजू 'कव्हर' झाले. ते चाळीस फळ्यावर दिसू लागले, की पुढच्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी भांडता येतं. आकड्याची ताकद काय असते हे या राज्याला वेगळं सांगायला नको. दांडेकर समितीनं १९८४ साली विदर्भ-मराठवाड्यासह राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये असा मांडला. 'आमच्यावर अन्याय होतो' ही नुसती भावना होती, तिला आकडा मिळाला आणि पुढची कित्येक दशकं राजकारणाला त्या आकड्याला उत्तर द्यावं लागलं. आज परत पाठवलेल्या माणसांचा अनुशेष कुणी काढत नाही.

दुसरा आक्षेप : लोक काहीही मागतील. मागू देत. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. आणि 'लोकांना विचारलं की सभामंडपच मागतात' असं म्हणणाऱ्यांनी विचारलं कुणाला ते आधी सांगावं. पारावर बसलेल्यांना विचारलं तर पारच दुरुस्त होणार.

तिसरा आक्षेप मला सर्वांत पटतो. आशा आणि अंगणवाडी सेविका आधीच फॉर्म भरून भरून मेटाकुटीला आल्यात, त्यात आणखी एक वही? २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारचे मोबाइल परत केले होते, ते उगाच नाही. दिवसभर माहिती वर पाठवायची आणि वरून काहीच खाली यायचं नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव. म्हणूनच ही वही त्यांच्या गळ्यात नको. त्यांचे निम्मे फॉर्म कमी करा. ही नोंद टेबलापलीकडे खुर्चीत बसून 'नाही' म्हणणाऱ्यानं करायची. नकार देणं फुकट आहे, म्हणून तो इतक्या सहज दिला जातो. तो लिहायचा म्हटलं, की हात जरा थबकतो.

आणि यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अधिसूचित सेवांबाबत सांगतो, की ठरलेल्या मुदतीत सेवा द्या, नाहीतर कारण लेखी नोंदवून अर्ज फेटाळा. त्यावर अपील करता येतं. अडचण अशी, की टेबलावरून तोंडी परत पाठवलेल्या माणसाचा अर्जच तयार होत नाही. अर्ज नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून गरज नाही.

तर हे वाचणाऱ्या, गावाशी अजून नाळ असलेल्या प्रत्येकासाठी एक काम. पुढच्या वेळी आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना घेऊन कुठल्याही कचेरीत जाल तेव्हा कोरा कागद सोबत न्या. अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच मागा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे फोटो टाकता, तसा त्या पोचेचा फोटोही टाका. पन्नास फोटो जमले की ते ग्रामसभेत घेऊन जा. सर्व्हे करायला कुणी येईल याची वाट बघू नका.

आणि खिडकीतून ते ठरलेलं वाक्य आलं, "इष्टांक शिल्लक नाही", तर भांडू नका, आवाज चढवू नका. एवढंच म्हणा :

"बरं साहेब. तेवढं लिहून द्या."